डिझेल रजिस्टरला वाचा: प्रकल्प नोंदी, जून ते ऑगस्ट २०२५

२ जून, सोमवार

कालपासून मासेमारी बंद झाली. आता ३१ जुलैपर्यंत बंदरावर होड्या शाकारणं, जाळी दुरुस्त करणं आणि इंजिनं खोलणं एवढंच चालेल. मच्छीमार सोसायटीच्या डिझेल पंपावर शुकशुकाट आहे, म्हणून हे काम याच दोन महिन्यांत उरकायचं.

नाना ३१ जुलैला निवृत्त होतायत. १ ऑगस्टपासून डिझेलच्या काउंटरवर मी. अट एकच: सोसायटीचा प्रोग्राम माझा मला चालवता आला पाहिजे. शेजारी बसून स्क्रीन वाचून दाखवायला माणूस मिळणार नाही. अट रास्त आहे. मला जन्मापासून दिसत नाही, पण हिशेब आणि प्रोग्रामिंग दोन्हींत माझा हात बसलाय, आणि दुसऱ्याच्या डोळ्यांवर विसंबून करायची नोकरी मला नकोच होती.

प्रोग्राम १९९७ सालचा, क्लिपर या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेला, डॉस या विंडोजच्या आधीच्या प्रणालीवर चालणारा. लिहिणाऱ्याचा ठावठिकाणा नाही, सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामचा मूळ लिहिलेला मजकूर, तोही नाही. हातात आहे ती एक ईएक्सई फाईल आणि डेटाच्या डीबीएफ फायली. सभासद, होड्या, प्रत्येक होडीचा डिझेल कोटा, रोजची विक्री, थकबाकी, व्हॅट परताव्यासाठी मत्स्यव्यवसाय खात्याकडे जाणारा तक्ता, सगळा संसार त्यात आहे.

आज नुसतं ऐकलं. सोसायटीचा काँप्युटर अजून विंडोज एक्सपीवर आहे. एनव्हीडीए हा माझा स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्राम. एक्सपीवर चालणारी त्याची शेवटची आवृत्ती २०१७.३, ती टाकली. प्रोग्राम उघडला, मुख्य मेनू आला आणि एनव्हीडीएने वरपासून खालपर्यंत सगळं वाचून काढलं. मग मी खालचा बाण दाबला. काही नाही. पुन्हा दाबला. शांतता. नाना शेजारून म्हणाले, "अगो, पट्टी खाली गेली की!"

ती पट्टी म्हणजे निवडलेल्या ओळीचा उलटा रंग. बाण दाबला की स्क्रीनवरचं एकही अक्षर बदलत नाही, फक्त रंग एका ओळीवरून दुसऱ्या ओळीवर जातो. कर्सर तर प्रोग्रामने लपवूनच ठेवलाय. त्यामुळे स्क्रीन रीडरच्या दृष्टीने काही घडलेलंच नसतं.

५ जून, गुरुवार

चेअरमननी नव्या सॉफ्टवेअरवाल्यांना बोलावलं होतं. त्यांचं म्हणणं, जुनं टाका, आमचं घ्या, ब्राउझरमध्ये चालतं. मी म्हटलं, पाच मिनिटं मला द्या. एनव्हीडीए चालू करून टॅब दाबत गेले. "बटण. बटण. बटण. ग्राफिक. बटण." एकाही बटणाला नाव नाही. तारीख निवडायचं कॅलेंडर फक्त माऊसवर उघडतं, कीबोर्डने तिथे पोचताच येत नाही. मी विचारलं, ही नावं द्यायला किती दिवस लागतील? उत्तर आलं, "मॅडम, अशी रिक्वायरमेंट आम्हाला आजवर कोणी दिलीच नाही."

रिक्वायरमेंट कोणी दिली नाही, कारण देणारा माणूस काउंटरच्या आत कधी बसलाच नाही. मला हे मनाला लागलं. नवं म्हणजे सोयीचं, हा समज आपल्याकडे फार पक्का आहे. जुन्या प्रोग्राममध्ये निदान सगळं कीबोर्डवर चालतं. त्याला फक्त वाचा नाही.

९ जून, सोमवार

जुना काँप्युटर फार दिवसांचा सोबती नाही. खाऱ्या हवेने आतल्या पत्र्याला गंज धरलाय, मागच्या पोर्टला बोट लावलं तर पूड हाताला येते. म्हणून जे करायचं ते नव्या मशीनवरच. नवं मशीन ६४-बिट विंडोजचं, त्यावर १६-बिट डॉस प्रोग्राम सरळ चालत नाही. डॉसबॉक्स-एक्स टाकलं. हा डॉसचा काँप्युटरच सॉफ्टवेअरमध्ये उभा करणारा मुक्त प्रोग्राम. आपला प्रोग्राम त्यात पहिल्या फटक्यात चालला, नानांनी टाळी वाजवली.

एनव्हीडीएने मात्र खिडकीचं नाव सांगितलं आणि गप्प. कारण डॉसबॉक्स आतल्या अक्षरांचं चित्र रंगवून खिडकीत लावतो. डोळ्यांना अक्षरं दिसतात, स्क्रीन रीडरला तिथे अक्षर नावाची वस्तूच सापडत नाही. एनव्हीडीएमधलं ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखायची सोय, लावून पाहिलं. एखादी ओळ बरी आली, आकड्यांवर विश्वास ठेवावा असं नव्हतं. शिवाय पट्टी कुठे आहे ते त्यालाही कळत नाही. डिझेलच्या लिटरमध्ये अंदाजपंचे चालत नाही.

एक गोष्ट नोंदवून ठेवते. डॉसच्या काळात अंध माणसं काँप्युटरवर उत्तम कामं करत होती. जॉज हा स्क्रीन रीडर १९८९ मध्ये डॉससाठीच आला आणि तो उभा करणारे टेड हेंटर स्वतः दृष्टिहीन. म्हणजे हा प्रोग्राम लिहिला गेला तेव्हा तो बोलू शकला असता. आपल्या बंदरापर्यंत ते पोचलं नाही, इतकंच.

१२ जून, गुरुवार

आज वाट सापडली. लिहून ठेवते, उद्या दुसऱ्या कुणाला उपयोगी पडेल.

डॉसच्या टेक्स्ट मोडमध्ये स्क्रीन म्हणजे ८० रकाने आणि २५ ओळी, एकूण २००० घरं. प्रत्येक घराला दोन बाइट: पहिल्यात अक्षर, दुसऱ्यात रंग. असे ४००० बाइट मेमरीत एका ठरलेल्या पत्त्यापासून ओळीने मांडलेले असतात, हेक्समध्ये, म्हणजे सोळावर आधारलेल्या आकड्यांत, बी८०००. व्हिडिओ कार्ड तिथून उचलून काच रंगवतं. म्हणजे चित्र होण्याच्या आधीची अक्षरं तिथे जशीच्या तशी पडलेली आहेत, रंगासकट. डॉसबॉक्स-एक्सचा सोर्स खुला आहे. मी त्याच्या आतच बसले तर ते ४००० बाइट मला हवे तेव्हा वाचता येतील.

दिवसभर कंपाईल करण्यात गेला, पण रात्री साडेनऊला पहिले बाइट हाताशी आले. रंगाचे आकडे ऐकत बसले: ३१, ३१, ३१, ३१, मग एका ओळीवर ११२, ११२, ११२, पुढे पुन्हा ३१. ३१ म्हणजे निळ्यावर पांढरं. ११२ म्हणजे करड्यावर काळं. तीच पट्टी! बाण दाबला, ११२ एक ओळ खाली सरकले. जी गोष्ट नानांना २८ वर्षं दिसत होती ती मला आज आकड्यांत सापडली. आईला उठवून सांगितलं. तिला त्यातलं काही कळलं नाही, तरी तिने चहा टाकला.

बोलण्यासाठी एनव्हीडीएची एक छोटी डीएलएल, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामला जोडता येणारी फाईल, मिळते. तिला मजकूर दिला की एनव्हीडीए तो बोलतो, आणि आधीचं बोलणं मध्येच तोडायचीही सोय आहे. स्वतःचा आवाज बनवायची गरज नाही.

१७ जून, मंगळवार

मेनू बोलला. "विक्री नोंद", "सभासद खाते", "कोटा शिल्लक", "तक्ते", "दिवसअखेर". बाण दाबला की नुसती ती ओळ, बाकी काही नाही.

वाटेत दोन खड्डे लागले. एक, उजव्या कोपऱ्यातलं घड्याळ दर सेकंदाला बदलतं आणि "जे बदललं ते बोल" म्हटलं की ते आधी बोलतं. तेवढी आठ घरं वगळली. दुसरं, क्लिपर स्क्रीन पुसून ओळीओळीने नवी काढतो. मी मध्येच डोकावले तर अर्धी जुनी अर्धी नवी अशी खिचडी मिळते. आता दर ४० मिलिसेकंदांनी पाहते, आणि सलग १२० मिलिसेकंद काही हललं नाही तरच तोंड उघडते.

१८ जून, बुधवार

रात्रभर पाऊस, सकाळपासून लाईट नाही. लॅपटॉप चालला तेवढा चालवला. काम झालं नाही.

२४ जून, मंगळवार

सगळा प्रोग्राम बोलायला लागला आणि वापरण्याजोगा राहिला नाही.

विक्री नोंदीची स्क्रीन उघडली की २३ लेबलं आणि तितकेच आकडे. सगळं बोलून होईपर्यंत पाऊण मिनिट. हंगामात काउंटरसमोर दहा तांडेल उभे असताना पाऊण मिनिट म्हणजे भांडणाला आमंत्रण. मी ठरवलं की स्क्रीन बाजूला ठेवायची आणि नानांनाच पाहायचं. म्हणजे, नाना काय पाहतात ते विचारायचं.

त्यांना म्हटलं, "नाना, डोळे मिटा. मी होडीचा नंबर टाकला. तुम्हाला आधी काय हवं?"

"होडी तीच ना, ता."

"मग?"

"मग शिल्लक कोटा. मग लाल आहे काय."

"आणि बाकीचं? लायसन, सिलेंडर, पत्ता?"

"ता कोण वाचतंय गो? ता नुसता असतां थयसर."

लाल म्हणजे थकबाकी. २३ पैकी तीन. २८ वर्षांत नानांची नजर त्या तीन जागांवर जाऊन परत येते, बाकीच्या वीस जागांना त्यांनी कधी विचारलं नाही. लागलं तरच ते तिकडे पाहतात. माझ्या प्रोग्रामनेही तेच करायला हवं: तीन गोष्टी आपणहून सांगायच्या, त्याच क्रमाने, बाकीच्या विचारल्यावर.

मला संगणकतज्ज्ञ टी. व्ही. रामन आठवले. पुण्यात वाढले, काचबिंदूने चौदाव्या वर्षी दृष्टी गेली, आयआयटी मुंबईत शिकले, १९९४ मध्ये कॉर्नेलमध्ये पीएचडी केली आणि १९९५ मध्ये एमॅकस्पीक हा बोलणारा प्रोग्राम बाहेर काढला. त्यांचं कॅलेंडरचं उदाहरण मी शिकताना ऐकलं होतं आणि तेव्हापासून डोक्यात आहे. स्क्रीनवर महिना म्हणजे आकड्यांचा चौकोन. तो ओळीने वाचला तर नुसती आकड्यांची माळ ऐकू येते. वार कुठला ते कळायला डोळ्यांनी स्तंभाच्या वर जावं लागतं. बोलणाऱ्याने चौकोन विसरून सरळ "मंगळवार, २४ जून" म्हणावं. स्क्रीनवरचं चित्र हे डोळ्यांसाठी केलेलं भाषांतर आहे. कानासाठी करायचं तर मुळापासून करावं लागतं, भाषांतराचं भाषांतर करून भागत नाही.

आजपासून पद्धत बदलली. प्रत्येक स्क्रीनसाठी एक नकाशा: ही स्क्रीन कशी ओळखायची, कोणतं घर म्हणजे काय, काय आपणहून बोलायचं, काय विचारल्यावर. एकंदर १४ स्क्रीन आहेत. नकाशे नानांच्या तोंडून लिहायचे.

१ जुलै, मंगळवार

चार नकाशे झाले. होडीच्या नोंदणी क्रमांकात आज अर्धा दिवस गेला. सगळे क्रमांक "आयएनडी-एमएच" ने सुरू होतात. खऱ्या ओळखीचा भाग शेवटचे आकडे. डोळा सुरुवातीवरून उडी मारतो, कान मारू शकत नाही. आता शेवटचे आकडे आधी, सुटेसुटे: "चार, शून्य, दोन." अख्खा क्रमांक एफ ६ दाबला तर. लिटर मात्र पूर्ण संख्येत, "बाराशे चाळीस". तारीख "१ ऑगस्ट" अशी. एकाच आकड्याला तीन ठिकाणी तीन तऱ्हेने बोलावं लागतं, आणि कुठे कोणती तऱ्हा ते माणसालाच विचारावं लागतं.

क्लिपरची एक खोड: रकाना भरला की तो आपणहून पुढच्यावर उडी घेतो. चार आकडी रकान्यात चौथा आकडा दाबला की आपण पुढच्या घरात. दिसणाऱ्याला ते दिसतं. मला पुढचा आकडा भलत्याच रकान्यात गेल्याचं दोन नोंदींनंतर कळलं. आता उडी घेतली की नव्या रकान्याचं नाव आधी ऐकू येतं. तसंच "इन्सर्ट" चालू असलं की पहिल्या ओळीत उजवीकडे तसं लिहून येतं. नानांनाही ते माहीत नव्हतं. आकडा मध्येच का घुसतो म्हणून ते कीबोर्डला दोष देत आले.

आणखी एक. क्लिपरमध्ये स्क्रीनवर अक्षरं टाकायच्या आज्ञेचं नावच "से" आहे, म्हणजे "बोल". डीबेस या त्याहून जुन्या डेटाबेस प्रोग्रामपासून चालत आलेला शब्द. या प्रोग्रामच्या प्रत्येक ओळीला कुणीतरी "बोल" म्हणून सांगून ठेवलं होतं.

६ जुलै, रविवार

आषाढी. फक्त बॅकअप. सगळ्या डीबीएफ फायली पेनड्राइव्हवर. डॉसबॉक्सवाले स्वतःच सांगतात की हे मूळचं खेळांसाठी आहे, धंद्याचा डेटा आपल्या जबाबदारीवर. म्हणून रोज संध्याकाळी बॅकअप, सुट्टी नाही.

९ जुलै, बुधवार

आज मोठा दिवस.

सभासदाच्या स्क्रीनवर एक रकाना आहे, लेबल "नाव (म)". नाना म्हणाले, तिकडे लक्ष देऊ नको, तिथे रांगोळी येते. विचारलं, कसली रांगोळी? "उभ्या रेघा, आडव्या रेघा, कोपरे. कार्ड गेल्यापासून तसंच."

कार्ड म्हणजे सी-डॅक या सरकारी संस्थेचं जिस्ट कार्ड. ते काँप्युटरच्या आत बसवलं की डॉसच्या स्क्रीनवर देवनागरी दिसायची. सुरुवातीची काही वर्षं सोसायटीत ते होतं, सभासदांची आणि होड्यांची नावं मराठीत भरली गेली. मग काँप्युटर बदलला, नव्यात त्या कार्डाची खाच नव्हती. मराठी गेली आणि रांगोळी राहिली. पुढे सगळे इंग्रजी नावांवर काम करत आले.

मी फाईल उघडून पहिल्याच होडीचे बाइट ऐकले. १८६, २०९, २००, २०७, २२०. डॉसच्या नेहमीच्या तक्त्यात हे सगळे चौकटी आणि ठोकळे काढायचे तुकडे. १८६ म्हणजे दुहेरी उभी रेघ, २०० म्हणजे डावा खालचा कोपरा. पण इस्की नावाचा आपला एक तक्ता आहे, भारतीय मानक १३१९४, १९९१ सालचं. त्यात भारतीय लिप्यांना वरचे १२८ आकडे दिलेत. तो लावला. १८६ ज. २०९ ल. २०० प. २०७ र. २२० दीर्घ ई.

जलपरी.

मी मोठ्याने म्हटलं, "नाना, जलपरी कोणाची?" नाना खुर्चीतून उठलेच. ज्यांची होती त्यांचं नाव, वाडी, होडी कोणत्या साली बांधली, सगळं सांगितलं आणि मग म्हणाले, "तुला कोणी सांगितलं?" म्हटलं, तुमच्या रांगोळीने.

उत्साहाच्या भरात मी सगळ्या स्क्रीनलाच इस्की लावलं. मेनू उघडला आणि एनव्हीडीए "फ य य य य य य य" सुरू झाला तो थांबेना. कारण चौकटीची आडवी रेघ २०५, आणि इस्कीत २०५ म्हणजे य. वरचा डावा कोपरा फ, उजवा झ. दोन्ही बाजूंनी खाली ज, ज, ज. तळाला प ने सुरुवात आणि ञ ने शेवट. एकच आकडा एका घरात रेघ आणि दुसऱ्या घरात अक्षर. नुसत्या आकड्यावरून कुणालाच सांगता येणार नाही. नकाशा असल्यामुळे सुटलं: नावाच्या घरांत इस्की, बाकी सगळीकडे चौकट समजून गप्प.

जोडाक्षरांना जास्त वेळ लागला नाही. इस्कीत अक्षरं उच्चाराच्या क्रमाने असतात, पहिली वेलांटी व्यंजनाच्या नंतरच येते, युनिकोड या आजच्या अक्षरतक्त्यासारखीच. हलन्त २३२. दोन हलन्त लागोपाठ आले किंवा हलन्तानंतर नुक्ता आला तर वेगळा अर्थ, तेवढं सांभाळलं. संध्याकाळपर्यंत ईस्पीक या बोलणाऱ्या सॉफ्टवेअरच्या मराठी आवाजात होड्यांची नावं एकामागून एक वाजत होती आणि नाना प्रत्येकीला काही ना काही जोडत होते. मी मध्ये बोलले नाही.

१० जुलै, गुरुवार

कालच्याचा रोकडा उपयोग आज कळला. इंग्रजी नावाचा रकाना १५ अक्षरांचा. "जय भवानी प्रसाद" आणि "जय भवानी प्रसन्न" इंग्रजीत लिहिल्या की दोन्ही पंधराव्या अक्षरावर, पी-आर-ए पाशी तुटतात. स्क्रीनवर दोघी सारख्या. नानांना नंबर पाठ म्हणून निभावलं, तरी दोन वर्षांपूर्वी एकीचं डिझेल दुसरीच्या खात्यावर पडलं होतं आणि तो गुंता सुटायला महिना लागला. मराठी नाव पूर्ण आहे. आता कानाला दोघी वेगळ्या ऐकू येतात. डोळ्यांनी काम करणाऱ्याला मिळत नाही ते इथे मला मिळतंय, म्हणून तेच नाव युनिकोडमध्ये खिडकीच्या खालच्या पट्टीवर दाखवायचीही सोय केली. सेक्रेटरीभाऊ ते वाचत बराच वेळ उभे होते.

कार्ड गेल्यानंतर नोंदलेल्या ६१ होड्यांना मराठी नाव नाही. त्या भराव्या लागतील.

१५ जुलै, मंगळवार

कमिटीची बैठक. एकाने विचारलं, एवढं सगळं एका माणसासाठी कशाला? मी सांगितलं की दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा आहे आणि याच वर्षी ३० एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानलाय. ते ऐकून घेतलं गेलं. मग मी लॅपटॉपचा आवाज मोठा केला, विचारणाऱ्याच्याच होडीचा नंबर टाकला. होडीचं नाव, शिल्लक कोटा. चार सेकंद. पुढे प्रश्न आला नाही.

२२ जुलै, मंगळवार

लाल. थकबाकीदाराची ओळ स्क्रीनवर लाल पट्टीत येते, रंगाचा बाइट ७९. वाचता येतो, तर "थकबाकी" असं बोलणं सोपं होतं, तसंच केलं होतं. नाना ऐकून म्हणाले, "असं चारचौघांत बोलू नको हां, बाय." मी म्हटलं, हेडफोन असेल की. ते म्हणाले, "हेडफोन असला तरी तुझा चेहरा बदलेल. समोरच्याला कळेल."

त्यावर दोन दिवस विचार केला. आता लाल असेल तर शब्द नाही, नावाच्या आधी एक बारीक खालच्या पट्टीतला सूर. किती बाकी ते एफ ८ वर. शब्द ऐकला की माणूस दचकतो. सुराची सवय होते. आणि मॉनिटर मी भिंतीकडे वळवून घेतला. तो आजवर काउंटरकडे तोंड करून होता, म्हणजे कोणाची बाकी आहे ते रांगेतल्या प्रत्येकाला दिसत होतं. कोटा पाहायचा असेल त्याला मी सांगेन.

२८ जुलै, सोमवार

छपाई. डॉसबॉक्स-एक्स पावती फाईलमध्ये काढून देतो, तिथून ती जशीच्या तशी डॉट मॅट्रिक्सकडे पाठवते. डॉट मॅट्रिक्स मला फार आवडतो. ओळ छापली, कागद अडकला, रिबन सुकली, सगळं आवाजावरून कळतं.

उरलेले नकाशे पूर्ण. १४ पैकी १४.

३१ जुलै, गुरुवार

मोठ्या होड्यांनी आजच टाक्या भरायला गर्दी केली. ठरल्याप्रमाणे सकाळी नाना, दुपारी मी, नाना शेजारी. एकदा अडकले: दिवसअखेरच्या स्क्रीनवर "खात्री आहे? हो/नाही" ही चौकट नकाशात नव्हती, प्रोग्राम थांबला आणि मला कळेना कशासाठी. नाना म्हणाले, "विचारतंय." मी म्हटलं, काय विचारतंय? "विचारतंय, नाना चालले काय." मग खरं काय ते सांगितलं. संध्याकाळी सुधारणा केली: कुठेही नवी दुहेरी चौकट उमटली की तिच्या आतलं आधी बोलायचं, नकाशा असो वा नसो. हे पहिल्या दिवशीच सुचायला हवं होतं.

जाताना नानांनी काउंटरच्या खणाची किल्ली दिली आणि कॅलेंडरच्या मागे लिहिलेले काही नंबर वाचून दाखवले, ते मी टंकून घेतले.

१ ऑगस्ट, शुक्रवार

सकाळी सहा ते अकरा, ४३ पावत्या. चुकलेली एक, ती माझ्याच ऐकण्याने: "सात" आणि "साठ" मध्ये पावसाचा आवाज आला. पावती रद्द करून पुन्हा काढली, नाखव्याने काही म्हटलं नाही. आता काउंटरवरच्या संख्यांचा वेग थोडा कमी केलाय आणि छपाईच्या आधी लिटर एकदा सुटे आकडे करून पुन्हा बोलतात.

दुपारी एक तरुण तांडेल म्हणाला, "ताई, जय भवानी." मी विचारलं, "प्रसाद की प्रसन्न?" तो म्हणाला, "प्रसन्न."

६ ऑगस्ट, बुधवार

छोट्या होड्या नारळी पौर्णिमेनंतरच निघतील, म्हणून दोन दिवस सवड आहे. ६१ मधली १९ नावं भरली. मालक डिझेलला येतो तेव्हा नाव त्याच्याच तोंडून ऐकून टाइप करते, नाहीतर "कृपा" ची "क्रुपा" होते. युनिकोडमध्ये लिहिते, साठवताना इस्की होतं, म्हणजे जुन्या फाईलची घडी मोडत नाही.

बाकी: परताव्याच्या तक्त्यात पानं उलटताना ओळ क्रमांक सांगणं. एफ ६ आणि एफ ८ शेजारच्या काउंटरवरच्या भावाला शिकवणं. आणि नाना उद्या सकाळी येणार आहेत. उरलेल्या होड्यांपैकी कोणती कोणाची ते त्यांना विचारायचंय.